सशाच्या घराण्याचं पान

फिलूमावशी,

तुझ्या मातीच्या मिस्साला, चर्चमधल्या त्या निरोपाच्या प्रार्थनेला, फादर म्हणाले, फिलोमिना हा एक शांत, मवाळ जीव होता, आयुष्यात कधी कुणाला उलटून बोलली नाही. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून स्टमाटीभाऊ फस्सकन हसले. शहाऐंशी वर्षांचा माणूस, अंगात काळा सूट, हातात टोपी, आणि हसू काही आवरेना. शेजारी त्यांची मुलगी वूला बसली होती, तिने कोपर मारलं तर ते अजूनच मोठ्याने. मग तुझा अ‍ॅश्ली हसला. मग मी. मग इथली, ऑस्ट्रेलियातल्या या क्रेगीबर्नमधली, अर्धी वसई हसली. फादर नुकतेच बदलून आलेले. बिचाऱ्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला, आपण भलत्याच बाईबद्दल तर वाचत नाही ना म्हणून.

त्याला आता पाच आठवडे झाले. काल अ‍ॅश्लीने मला तुझी निळी फाइल आणून दिली. म्हणाला, "मम्मीने सांगून ठेवलं होतं, ही मंजिरीला द्यायची. आणि म्हणाली होती, या वेळी सगळी पानं मोजून दे."

म्हणजे जातानाही टोमणा मारून गेलीस.

तेव्हा आता बसलेय लिहायला. त्या पानावरून आपलं जे भांडण झालं ते तू जिंकलीस, पण मी तसं कबूल केलं नव्हतं. आणि एका मुद्द्यावर मी अजूनही हरलेली नाही, तेही सांगायचंय.

आधी तो लायब्ररीतला मंगळवार. मी घरून काम करते म्हणून तुला सोडायची-आणायची ड्युटी माझी. दोन घरं सोडून तर राहायचीस. तू तिथे वसईजवळ आगाशीला राहणाऱ्या बहिणीला व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते शिकायला आली होतीस. शेजारच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन तिथल्या पोरीशी हुज्जत घालत होते. त्यांना ते जुनं हस्ताक्षर कॉम्प्युटरकडून वाचून हवं होतं, आणि कॉम्प्युटर दर ओळीला काहीतरी भलतंच सांगत होता. तू मान तिरकी करून पाहिलंस. चष्मा वर सरकवलास. न विचारता बोट ठेवलंस.

"हे 'देत्तो' आहे. म्हणजे 'ऊर्फ'. आमच्या पोर्तुगीजमध्ये 'दितो' म्हणतात."

ते तुझ्याकडे पाहतच राहिले. निवृत्तीनंतर सहा वर्षं तू चर्चच्या ऑफिसात बसून जुन्या बाप्तिस्म्यांच्या वह्या उतरवून काढल्या होत्यास, वाळवीने खाल्लेल्या, शाई उडालेल्या. पोर्तुगीज तुला बोलता येत नव्हतं, पण त्या कारकुनांची अक्षरं तू ओळखायचीस, घरातल्या माणसाची चाल ओळखावी तशी. आणि हे झेरॉक्स होते व्हेनिसच्या कारकुनांचे. भाषा दुसरी, पण चुलतबहीण. अर्धं तू वाचायचीस, अर्धं ताडायचीस, आणि राहिलेलं फोनवरच्या डिक्शनरीत शोधायचीस.

"तुमचं नाव?" त्यांनी विचारलं.

"फिलोमिना."

"हे तर ग्रीक नाव!"

"नाव तुमचं असेल," तू म्हणालीस. "माणूस आगाशीचं आहे."

त्या दिवसापासून ते तुला 'किरिया फिलिओ' म्हणू लागले, म्हणजे फिलिओबाई. आणि तू त्यांना 'भाऊ'. त्याचा अर्थ त्यांनी विचारला तेव्हा तू सांगितलंस, ब्रदर. ते एकदम गप्प झाले होते, आठवतंय? तेव्हा आपल्याला कारण माहीत नव्हतं.

मग दर गुरुवारी दुपारी आपण त्यांच्या घरी. वूला कामावर गेलेली. मी माझा लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसायचे, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. तुम्हां दोघांचं आवाज चढवून बोलणं ऐकून माझा मॅनेजर एकदा म्हणाला, "मंजिरी, इज एव्हरीथिंग ओके अ‍ॅट होम?" मी म्हटलं, नो वरीज, सोळावं शतक चाललंय.

भाऊंचं किथिरा मला आधी नकाशावर दाखवता आलं नसतं. ग्रीसच्या मुख्य भूमीचा जो पंजा खाली समुद्रात लोंबतो, त्याच्या टोकाजवळचं बेट. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारं प्रत्येक जहाज त्याच्यासमोरून जाणार. म्हणून ते सगळ्यांना हवं. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी ते चारेकशे वर्षं आपल्या मुठीत ठेवलं. त्याला 'चेरिगो' म्हटलं, किल्ल्याच्या दारावर पंखवाला सिंह कोरला, आणि बेटावरच्या माणसांची नावं आपल्या वह्यांमध्ये आपल्या स्पेलिंगने उतरवली. भाऊंच्या आजीच्या बोलण्यात निम्मे शब्द व्हेनिसचे होते, ती मेली तरी तिला ते माहीत नव्हतं. "आमच्याकडे पण तसंच," तू म्हणायचीस. "आम्ही चावीला चावी म्हणतो आणि पावाला पाव. पोर्तुगीज कधीच गेला, शब्द स्वयंपाकघरात राहिला."

आणि मग ते दरीतलं गाव. भाऊ ते सांगताना कॉफी बाजूला सारायचे. तुला ती कॉफी 'गाळाचं पाणी' वाटायची, पण तू प्यायचीस.

बेटाचं जुनं मुख्य गाव एका खोल दरीत, सुळक्यावर बांधलेलं. समुद्रावरून दिसायचंच नाही. चाच्यांनी कितीही फेऱ्या मारल्या तरी त्यांना नुसते खडक दिसणार. तटाच्या आत घरं आणि घरांपेक्षा जास्त देवळं, लहान लहान, एकेका कुटुंबाची. लोक निवांत होते. सोळाव्या शतकात एक दिवस तुर्कांचं आरमार आलं, आणि ते समुद्राकडून पाहत बसलं नाही, वळसा घालून जमिनीवरून आलं. गाव जाळलं. जी माणसं वाचली त्यांना साखळीला बांधून बाजारात विकायला नेलं. बेट जवळजवळ रिकामं झालं. त्या गावात नंतर कुणी राहायला गेलं नाही. भिंतींवरचे संत अजून उभे आहेत, भाऊ म्हणाले, डोळे खरवडलेले.

तू कप खाली ठेवलास. मग म्हणालीस, "वसईच्या किल्ल्यात तसंच आहे. देवळं उभी, छप्पर नाही, आत झाडं वाढलेली. आमच्या लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो." आणि मग माझ्याकडे वळून, मराठीत, "तुझ्या लोकांनी जिंकला तो."

मी लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. "मावशी, शाळेत आम्हाला ती विजयाची गोष्ट म्हणून शिकवली. चिमाजी..."

"माहितेय. मीच शिकवायचे. तीस वर्षं. परीक्षेत पाच मार्कांना." तू हसत होतीस. "पण घरी आल्यावर आजी विचारायची, आज काय शिकवलंस. काय सांगणार? आमचे लोक कुठल्या बाजूला होते ते पुस्तकात नव्हतंच. आमच्यातले काही आत होते, काही बाहेर, बहुतेक वाडीत केळीला पाणी घालत होते. आणि आमच्या घंटा तुमच्या देवळांत गेल्या."

मला नाशिककडच्या एका देवळातली घंटा आठवली. तिच्यावर क्रॉस होता. लहानपणी बाबांनी उचलून घेऊन मला ती वाजवायला दिली होती. मी तुला ते सांगितलं. मला वाटलं चिडशील. तू म्हणालीस, "आवाज चांगला आहे ना?" मी म्हटलं, फार. "मग झालं तर. वाजवत राहा, गंजू देऊ नका."

भाऊंना हे सगळं इंग्रजीतून सांगितल्यावर ते खूश झाले. म्हणाले, म्हणजे आपण दोघेही किल्ल्यातले.

कारण भाऊंची सगळी शान तीच होती. ते 'किल्ल्यातले'. बेटावर एकाच आडनावाची शंभर घरं, म्हणून प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव. यांचं 'लागोस'. ससा. त्याची गोष्ट अशी की गाव जळत होतं त्या दिवशी त्यांचा एक पूर्वज तटावरून उडी मारून दरीतून खडकाखडकावरून सशासारखा पळाला आणि वाचला. बेटावर जे मूठभर अस्सल जुने राहिले त्यांतले ते. बाकीचे सगळे नंतर आलेले, ओसाड जमिनीवर आणून वसवलेले. भाऊ त्यांच्यासाठी एक शब्द वापरायचे, त्याचा अर्थ 'परमुलखातले'. आणि तो शब्द ते इथे, क्रेगीबर्नमध्ये, पंजाबी आणि वसईकर शेजाऱ्यांच्या मध्ये बसून, स्वतः एका आडगावात चाळीस वर्षं फिश-अँड-चिप्सचं दुकान चालवून झाल्यावर वापरायचे. तू हसू दाबायचीस. फेब्रुवारीत बेटवाल्यांचं वार्षिक जेवण होतं. त्यात भाऊ भाषण करणार होते, सशाच्या घराण्यावर. पुरावा म्हणूनच बेटावरच्या चुलतभावाने सरकारी दप्तरातले झेरॉक्स पाठवले होते.

बहिणीचं आपल्याला वूलाने सांगितलं. गाडीपर्यंत सोडायला आली होती, कचऱ्याचा डबा रस्त्यावर लावता लावता म्हणाली, "डॅडला एक बहीण आहे. कालिओपी. तिकडे पार पश्चिमेला, कालगुर्लीला. आमच्या घरात तिचं नाव घेत नाहीत."

तिने बेटावरच्याच मुलाशी लग्न केलं होतं. तोही इकडेच आलेला, सोन्याच्या खाणीत कामाला. पण 'फुर्नारी'च्या घरातला. फुर्नारी म्हणजे भटारखानेवाले. नंतर आलेले. भाऊ तिच्या लग्नाला गेले नाहीत. पुढे मूल झालं तेव्हा गेले नाहीत, दोन वर्षांपूर्वी नवरा वारला तेव्हाही नाही. जवळजवळ साठ वर्षं. आता कुणाच्याही मनात येईल की एवढंसं कारण असतं का. तू तेव्हाच म्हणालीस, "कारण एवढंसंच असतं. मग ते सोडायला लाज वाटते."

मग ती गुरुवारची आर्वो, इथल्या बोलीतली दुपार. भाऊ डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते म्हणून आपण तुझ्याच डायनिंग टेबलावर बसलो होतो. तू एक यादी वाचत होतीस. क्रीट बेट व्हेनिसच्या हातून तुर्कांकडे गेलं, तिथून लोक होड्या भरभरून पळाले, त्यांतले पुष्कळ किथिराला उतरले. त्यांना कुठे किती जमीन द्यायची त्याची यादी. क्रीटला व्हेनिसवाले 'कांदिया' म्हणायचे आणि तुला ते फार आवडायचं. "आज कांदेवाल्यांचं पान," म्हणायचीस.

बोट एका ओळीवर थांबलं. तू परत वाचलंस. मग मला उठवून खिडकीशी नेलंस, उजेडात.

"नाव बघ. पुढे 'देत्तो लागो'. ऊर्फ ससा. गाव, 'दि कांदिया', म्हणजे कांदियाचा. आणि इथे शेवटी, 'फोरेस्तो'."

"म्हणजे?"

"आमच्या वह्यांत 'फोराश्तेरु' येतं. बाहेरचा. परका."

आणि खालच्या ओळीत शेजारच्या जमिनीचा मालक, तोही कांदियाचा, तोही फोरेस्तो, देत्तो फुर्नारी. दोघांची बांधाला बांध लागून शेतं. सशाच्या कागदावर साक्षीदार फुर्नारी. फुर्नारीच्या कागदावर साक्षीदार ससा.

मी म्हटलं, "मावशी, हे त्यांना सांगायचं नाही."

इथून आपलं भांडण. तू म्हणालीस, मी वाचलंय ते वाचलंय. मी म्हटलं, शहाऐंशी वर्षांचा माणूस, हृदयात दोन स्टेंट, उरलीसुरली एक गोष्ट त्याच्याकडे आहे ती कशाला काढून घ्यायची. तू म्हणालीस, गोष्ट काढून घेत नाही, खरी देतेय. मी म्हटलं, खरं काय करायचंय त्यांना आता? तू म्हणालीस, "मंजिरी, एक बाई कालगुर्लीला खोट्या गोष्टीपायी साठ वर्षं बसलीय." मी म्हटलं, ते आपलं काम नाही. तू चहा ठेवायला आत गेलीस.

आणि मी ते पान फाइलमधून काढून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत घातलं.

मी आजवर सांगत आले की चुकून गेलं. चुकून नाही, मावशी. मी ते चार घड्या घालून आतल्या कप्प्यात ठेवलं होतं. तुला ते माहीत होतं, कारण मंगळवारी तू माझ्या दारात उभी. नमस्कार नाही, काही नाही.

"एकोणीसनंतर एकवीस येतं का तुमच्या पुण्यात?"

तू पानांवर नंबर टाकून ठेवले होतेस, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी मुकाट्याने पान दिलं. आठ दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. लायब्ररीला बसने गेलीस, बदलून दोन बसेस. मी खिडकीतून तुला स्टॉपवर उभी पाहायचे, छत्री घेऊन, माझ्या घराकडे पाठ करून. माझा नील विचारायचा, "Mum, why is Philu Aunty taking the bus?" मी म्हणायचे, व्यायाम.

त्या गुरुवारी तू भाऊंकडे एकटी गेलीस. काय बोललीस ते मला नंतर वूलाकडून कळलं. तू प्रस्तावना केली नाहीस. पान समोर ठेवलंस, ओळ वाचलीस, अर्थ सांगितलास, खालची ओळ वाचलीस. भाऊ उठले, दार उघडलं, आणि म्हणाले, थँक यू, किरिया. म्हणजे, जा.

मग तीन आठवडे काही नाही. वूला सांगायची, ते बागेत बसून असतात, टीव्ही लावत नाहीत, भाषणाचा कागद फाडलाय. मी तुला येऊन सांगितलं, म्हटलं, झालं समाधान? तेव्हा तू मला पहिल्यांदाच थकलेली दिसलीस. म्हणालीस, "मलाही झोप लागत नाही गं. पण मी शिक्षिका आहे. चुकीचं उत्तर बरोबर म्हणून टिक करता येत नाही मला."

हाच तो मुद्दा, मावशी. त्या तीन आठवड्यांत भाऊंना काही झालं असतं तर? मी तुला किती वेळा विचारलं. तू दर वेळी म्हणालीस, "झालं नाही ना?" हे उत्तर नव्हे. तू एवढी शिकलेली बाई, तुला माहीत होतं की हे उत्तर नव्हे. यावर मी हरलेली नाही.

चौथ्या आठवड्यात शनिवारी सकाळी भाऊ तुझ्या दारात आले. मी तिथेच होते, सलोखा व्हावा म्हणून साबुदाण्याची खिचडी घेऊन आलेली. हातात पिशवी, पिशवीत लिंबं. त्यांनी लिंबं टेबलावर ओतली आणि उभ्या उभ्या विचारलं, "तो ससा. पळाला तर होता ना?"

"पळाला," तू म्हणालीस. "दरीतून नाही. क्रीटहून, होडीने. बायको आणि तीन मुलं घेऊन. ते लिहिलंय."

भाऊंनी विचार केला. "तीन मुलं घेऊन पळणं जास्त कठीण," ते म्हणाले.

"खूपच."

"आणि फुर्नारी त्याच होडीत?"

"होडीचं लिहिलेलं नाही. पण कागद एकाच दिवशीचा आहे."

मग ते खाली बसले आणि त्यांनी माझी खिचडी खाल्ली, सगळी. तू फोन पुढे केलास. ते म्हणाले, फोनवर नाही. फोनवर ती ठेवून देईल.

म्हणून आपण तिघं गेलो. वूलाला रजा नव्हती. मला तरी कुठे होती, पण मी आजारी पडले. पर्थच्या विमानतळावर क्वारंटाइनच्या माणसाने भाऊंची बॅग उघडली. आत पाच किलो लिंबं, बहिणीसाठी, स्वतःच्या झाडाची. "फळं वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नेता येत नाहीत, मेट." भाऊ त्याला सांगू लागले की मी साठ वर्षांनी बहिणीला भेटतोय. तो म्हणाला, मग रिकाम्या हाताने भेटा. एकेक लिंबू ते स्वतः त्या पिवळ्या डब्यात टाकत होते, मोजल्यासारखं, आणि तू मागे उभी राहून पदराने, म्हणजे त्या तुझ्या ओढणीने, तोंड झाकून हसत होतीस. तशी तोंड झाकून हसताना मी तुला नंतर परत पाहिलं नाही.

सहा-सात तास गाडी मी चालवली. लाल माती, रस्त्याला लागून तो पाण्याचा लांबच लांब पाइप, आणि तांबूस खोडांची झाडं. भाऊ पुढच्या सीटवर, टोपी मांडीवर. तू मागून दर अर्ध्या तासाने चिवडा पुढे करायचीस. एका रोडहाउसला थांबलो तर ते म्हणाले, परत फिरू या. तू म्हणालीस, "भाऊ, इतकं पेट्रोल जाळून परत फिरायला मी काय तुर्काचं आरमार आहे?" त्यांना हसू आलं. गाडीत बसले.

कालिओपी व्हरांड्यात उभी होती. एवढीशी, काळ्या कपड्यांत, हातात पाण्याची नळी. भाऊ फाटकापाशी थांबले. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाली आणि भाऊंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. नंतर त्यांनीच आपल्याला अर्थ सांगितला. ती म्हणाली होती, "साठ वर्षांनी येतोस आणि हात हलवत?"

तिच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकून, लिंबाचं झाड होतं. लगडलेलं.

त्या संध्याकाळी व्हरांड्यात तू दोघांना पान वाचून दाखवलंस. आणि मग फाइलमधून अजून एक पान काढलंस, जे तू मलाही दाखवलं नव्हतंस. तीच यादी, पण नंतरची. सशाचा नातू. फुर्नारीची नात. नवरा-बायको म्हणून दोघांच्या एकाच घराची नोंद.

"इथे बघा," तू म्हणालीस. "'दि कांदिया' नाही. 'दि चेरिगो' लिहिलंय. आणि फोरेस्तो कुठेच नाही."

"खोडलंय?" भाऊंनी विचारलं.

"खोडलेलं नाही. लिहिलेलंच नाही. कारकुनाला सुचलंच नसेल."

कालिओपीने विचारलं, "दोन पिढ्यांत?"

"दोन पिढ्यांत."

"मला इथे साठ वर्षं झाली," ती म्हणाली, "आणि बँकेतली पोरगी अजून विचारते, व्हेअर आर यू फ्रॉम, लव्ह?" आपण सगळे इतके हसलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. मला हसता हसता नील आठवला. त्याला शाळेत तोच प्रश्न विचारतात तेव्हा तो काय सांगतो माहितेय? "Craigieburn." विचारणारा थांबतो, तोही थांबतो. मला आजवर त्याचं वाईट वाटायचं, हा पुणं विसरला म्हणून. त्या रात्री मला पहिल्यांदाच वाटलं की कुठल्यातरी वहीत त्याच्या नावापुढचा एक शब्द गळून पडतोय. हे मी तुला सांगणार होते. परतीच्या प्रवासात तू झोपलीस, मग राहूनच गेलं.

फेब्रुवारीच्या जेवणाला भाऊंनी भाषण केलं. तू पहिल्या रांगेत, मोतिया रंगाची साडी. त्यांनी सुरुवातच केली, "मी कांदियाचा परका." मग मागच्या टेबलावरचा एकजण ओरडला, आम्हीपण! मग अजून एक. मग तर चढाओढच लागली. तू मला म्हणालीस, "बघ, आता कुणी किल्ल्यातलं निघालं तर त्याची पंचाईत." जेवणानंतर तुझ्याभोवती घोळका जमला, प्रत्येकाचं आपापलं टोपणनाव, प्रत्येकाला आपला कागद वाचून हवा. तू वहीत नावं लिहून घेतलीस. एकोणीस नावं. त्यांतली चार तुझी वाचून झाली.

नंतरच्या महिन्यांबद्दल मी लिहीत नाही. ते अ‍ॅश्ली लिहील, आजारपणात तुझं सगळं त्याने केलं. मी भेटायला यायचे तेव्हा तू हॉस्पिटलच्या जेवणाला नावं ठेवायचीस आणि मी ऐकायचे. कालिओपी विमानाने आली होती, तुला पाहायला. तुम्ही दोघी तासभर बोललात, तिचं अर्धं इंग्रजी आणि तुझं शाळेतलं इंग्रजी, आणि मी दाराबाहेर बसले. तुमच्या दोघींचं काय चाललं होतं ते मला अजून माहीत नाही. ती बाहेर आली आणि माझ्या गालावर हात ठेवून गेली.

तर मावशी, आता सांगते. तू बरोबर होतीस. त्या तीन आठवड्यांचा प्रश्न सोडून, बाकी सगळीकडे. मला वाटलं होतं की म्हाताऱ्या माणसाला त्याची गोष्ट लागते, आधाराला. तू त्यांना गोष्टीच्या जागी बहीण दिलीस. आणि पान लपवल्याबद्दल तू मला एकदाही 'माफ केलं' म्हणाली नाहीस, नुसती परत माझ्या गाडीत बसायला लागलीस. मला ते पुरलं. पण माफी मी मागितली नव्हती, ती आता मागते.

वहीतली उरलेली पंधरा नावं माझ्याकडे आहेत. मी तुझ्यासारखी वाचू शकत नाही. पण 'दि' आणि 'देत्तो' ओळखते, आणि मंगळवारी लायब्ररीत बसायला लागलेय. भाऊ शेजारी बसतात आणि माझ्या चुका काढतात, स्वतःला काही वाचता येत नसताना.

आणि एक नवीनच झालंय. माझा भाऊ पुण्याचा फ्लॅट रिकामा करतोय. बाबांच्या कपाटाच्या तळाशी त्याला मोडीतल्या कागदांचं एक बाड सापडलं. आमच्या घराण्याबद्दल बाबा एक फार रुबाबदार गोष्ट सांगायचे, ती तुला मी कधी सांगितली नाही, कारण तू पुरावा मागितला असतास. भावाने ते कागद एका मोडी वाचणाऱ्या बाईंना दाखवले. आज सकाळी त्याचा मेसेज आला. "ताई, बाई म्हणतात, यात घराण्याबद्दल बरंच आहे. पण बाबा सांगायचे तसं नाहीये. पाठवू का, की राहू दे?"

मी किटली लावली. चहा केला. प्यायला.

मग लिहिलं, "पाठव. सगळी पानं."